नेले-आणले

शुक्रवारी थोरलीच्या शाळेतल्या संगीत विभागाचे बँक्वेट, म्हणजे वर्षअखेरचे समारंभी जेवण, झाले. तेव्हापासून तिच्या भाषणातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. बारावीच्या प्रत्येक मुलाला तिथे मिनिटभर बोलू देतात. तिने आधी चौथीतल्या स्ट्रिंग्जच्या, म्हणजे तंतुवाद्यांच्या, बाईंचे आभार मानले, मग ऑर्केस्ट्राच्या सरांचे, मग चार वर्षे तिच्यासोबत एकाच स्टँडवरून वाजवणाऱ्या मैत्रिणीचे. बाबांनी मला सगळीकडे गाडीने नेले-आणले, त्यांचीही मी आभारी आहे, असे म्हणून ती खाली उतरली. टाळ्या झाल्या. समोर बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहून कौतुकाने मान हलवली. मीही हात जोडले, परंतु नंतरचे जेवण मला गोड लागले नाही.

नेले-आणले, हे खरेच आहे. सप्टेंबरपासूनच्या माझ्या बहुतेक संध्याकाळी शाळेच्या मागच्या वाहनतळावर गेल्या. शरद ऋतूतली मैफल, सेंट्रल जर्सी रीजनच्या, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या निवडक मुलांच्या, ऑर्केस्ट्राची निवड चाचणी, हिवाळी मैफल, पुन्हा रीजनच्या तालमी, मार्चमध्ये म्युझिकल, म्हणजे गाण्यांचे नाटक, मे महिन्यात वसंतातली मैफल आणि मग आधी नाटकवाल्यांचे व नंतर संगीतवाल्यांचे बँक्वेट, असे हे वर्ष गेले. अमेरिकेत ऑर्केस्ट्रा असलेल्या अनेक सरकारी हायस्कुलांत हे वेळापत्रक थोड्याफार फरकाने असेच असते आणि त्यात पालकांनी काय करायचे हेही ठरलेले असते. तिच्या चेलोची, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याची, पेटी मागच्या आसनावर आडवी ठेवायची, मैफलीचा काळा पोशाख इस्त्री करून द्यायचा, मध्यंतरात बूस्टर्सच्या, म्हणजे विभागाला मदत करणाऱ्या पालकांच्या, टेबलावर पाणी आणि फुले विकायची. हे सगळे मी आनंदाने केले. तिची आई असती तर तिने ते अधिक चांगले केले असते, पण तो विषय आज नको.

मला लागले ते निराळेच. माझा असा समज होता, आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तो ऐकवत आलो आहे, की तिचा कान मिरजेचा आहे. माझे लहानपण सतारमेकर गल्लीच्या आसपास गेले. शाळेतून येताना दुकानाच्या पायरीवर बसून जवारी लावणाऱ्या, म्हणजे तारांखालची घोडी घासून झंकार साधणाऱ्या, कारागिराचे काम पाहावे, तारेखालचा धागा किंचित सरकला की आवाज कसा उघडतो हे ऐकावे, आणि उरुसाच्या दिवसांत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात रात्रभर चालणाऱ्या गाण्याला वडिलांच्या मांडीवर डुलक्या घेत बसावे, असे ते दिवस होते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती बातमी मी किती जणांना पाठवली असेल! माझे गाणे पुढे सुटले. ते का सुटले हे लिहायला बसलो तर ही वही पुरणार नाही. तानपुरा मात्र मी न्यू जर्सीला आणला. थोरली पाळण्यात असल्यापासून रविवारी सकाळी तो लावून मी भूप म्हणत असे. चेलोला सतारीसारखे पडदे नसतात. स्वर कुठे आहे ते हाताने अंदाजाने शोधायचे आणि कानाने पारखायचे. हा कान तिला त्या रविवारांनी दिला, असे मी मानत आलो. व्यासपीठावर उभी असताना तिला ते रविवार आठवले नाहीत. तिला गाडी आठवली.

शनिवारी दिवसभर मी यावर कुढत राहिलो. संध्याकाळी मात्र चौथीतला तो पहिला चेलो आठवला. अर्ध्या आकाराचा, शाळेने वापरायला दिलेला. त्याच्या गळपट्टीवर बाईंनी रंगीत टेपच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या होत्या, म्हणजे बोट कुठे ठेवायचे ते दिसावे. वर्गातल्या सगळ्याच मुलांच्या वाद्यांवर तशा पट्ट्या होत्या. ज्यांच्या घरी कधी कोणी गायले नव्हते त्यांच्याही होत्या आणि त्यांतली कितीतरी मुले परवाच्या मैफलीत तिच्याइतकीच सुरात वाजवत होती. मग मिरजेच्या तानपुऱ्याचा वाटा नेमका किती? हा प्रश्न मी स्वतःला पूर्वी विचारलाच नव्हता.

तिला वाद्य शाळेने दिले. शाळेच्या वेळापत्रकात, गणित आणि विज्ञानाच्या तासांच्या मधोमध, ऑर्केस्ट्राचा तास होता आणि त्यासाठी पूर्णवेळ शिक्षक होता. इथे घरपट्टीचा मोठा हिस्सा शाळांकडे जातो; दर तिमाहीला तो भरताना मी कुरकुर करतो, पण त्याच पैशांतून माझ्या मुलीच्या हातात गज आला. सतारी आणि तानपुरे घडवणाऱ्या गावात राहूनही माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी वाद्याला कधी हात लावला नाही. गाणे शिकायचे तर गुरू हवा, घरून परवानगी हवी आणि मुलगा असलेले बरे. ताईचा आवाज माझ्यापेक्षा चांगला होता.

यंदाचे म्युझिकल होते ‘फिडलर ऑन द रूफ’. 1964 साली ब्रॉडवेवर आलेले, पाच मुलींच्या बापाचे. त्यातला बाप रंगमंचावर होता. माझी मुलगी रंगमंचासमोरच्या खोल पिटमध्ये होती, जिथे प्रेक्षकांना फार तर गजांची टोके दिसतात. तीनही प्रयोगांना मी गेलो आणि एकदाही मला तिचा चेहरा दिसला नाही. या नाटकाच्या वादकांच्या वह्या परवाना देणाऱ्या संस्थेकडून भाड्याने आल्या होत्या. त्यांत शाईने काही लिहायचे नव्हते आणि प्रयोग संपल्यावर पेन्सिलीच्या सगळ्या खुणा खोडून त्या परत पाठवायच्या होत्या. शेवटच्या प्रयोगानंतरच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर ती खोडत बसली होती. गज वर न्यायचा की खाली, कुठे सरांकडे पाहायचे, कुठे गायिका एक मात्रा जास्त घेते, हे सगळे तिने दोन महिन्यांत बारीक अक्षरांत टिपले होते. पान झटकून ती पुढचे पान घेत होती. मी म्हणालो, निदान फोटो तरी काढून ठेव. ती म्हणाली, “कशाला, बाबा? पुढच्या शाळेतली मुले त्यांच्या खुणा करतील.” तिच्या चेहऱ्यावर हळहळ नव्हती.

हे आठवल्यावर माझा सल बराच निवळला. जिला आपलीच मेहनत इतक्या सहज पुसता येते, तिने माझा वाटा ठळक करून मिरवावा, हा आग्रह धरायला मन घेईना. शिवाय तिने जे सांगितले त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. ज्यांनी शिकवले त्यांना शिकवल्याचे श्रेय आणि ज्याने गाडी चालवली त्याला गाडीचे. सुराच्या बाबतीत ती अशीच काटेकोर आहे, आणि तो गुण मला तिच्यात सर्वांत जास्त आवडतो. बापाला बरे वाटावे म्हणून तिने तिथे मिरजेचे नाव घेतले असते तर मी सुखावलो असतो हेही खरे आहे.

स्ट्रिंग्जच्या बाई अजून त्याच प्राथमिक शाळेत शिकवतात. बँक्वेटला त्या आल्या नव्हत्या, तेव्हा आपले नाव सर्वांत आधी घेतले गेले हे त्यांना कळले नसेल. आज रात्री त्यांना पत्र लिहीन. आभार तर मानायचेच आहेत, पण आणखी एक गोष्ट विचारायची आहे. सगळ्या मुलांच्या वाद्यांवरच्या पट्ट्या त्यांनी एकाच वेळी काढल्या, की थोरलीच्या जरा आधी काढल्या?