जॉइंट रिटर्न, सह्या दोघांच्या

मी टॅक्सचं काम करते. न्यू जर्सीत एडिसनजवळ एका स्ट्रिप मॉलमध्ये छोटंसं ऑफिस आहे, एका बाजूला डोसेवाला आणि दुसऱ्या बाजूला आयब्रो करणारी. सीझनमध्ये जोडपी येतात, नवरा खुर्ची पुढे ओढून बसतो, बायको मागे पोराला सांभाळत, आणि सगळं झालं की मी फॉर्म फिरवून पिवळा बाण चिकटवलेल्या जागेवर बोट ठेवते. "इथे ना?" म्हणतात आणि सही करून मोकळ्या. मी दरवेळी सांगते, वहिनी वाचा हो जरा, हे जॉइंट रिटर्न आहे, म्हणजे नवरा-बायकोचं मिळून एकच, उद्या ह्यांनी काही लपवलेलं निघालं तर आयआरएस, म्हणजे इथलं टॅक्स खातं, तुमच्याकडूनही वसूल करू शकतं, अर्धं नाही, पूर्ण, आणि घटस्फोट झाला तरी त्या वर्षांचं तुमच्या मागे राहतंच. नवरे हसतात. वहिनीपण हसतात.

सुटायची एक वाट आहे, फॉर्म ८८५७. त्याला 'इनोसंट स्पाउस' म्हणतात, म्हणजे बिचारा निर्दोष जोडीदार. पण त्यात दाखवावं लागतं की सही करताना मला माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं काही कारणही नव्हतं. हे दुसरं फार अवघड.

तर २०१६ च्या सीझनला, माजी प्रेसिडेंट बिल क्लिंटनची बायको हिलरी स्वतः ट्रम्पविरुद्ध प्रेसिडेंटसाठी उभी होती तेव्हा, हा फॉर्म माझ्या डोक्यात तिच्या बाबतीत जो घुसला तो अजून गेलेला नाहीये.

त्या वर्षी ऑफिसात येणारा प्रत्येक जण डब्ल्यू-टू, म्हणजे पगाराचा फॉर्म, काढता काढता इलेक्शनवर बोलायचा. मी डेमोक्रॅट, लपवत नाही, पण काउंटरवर गप्प बसते, धंदा आहे शेवटी. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "बाई हुशार आहे हो, पण भरवसा नाही वाटत". का नाही वाटत विचारलं की ईमेल, ईमेल (परराष्ट्रमंत्री असताना सरकारी कामाचे ईमेल घरच्या खाजगी सर्व्हरवरून पाठवले, ते) करत दोन मिनिटांत गाडी बिलवर. मोनिका लेविन्स्कीबरोबरची भानगड. क्लिंटन फाउंडेशनला परदेशातून आलेले पैसे. एका फॅक्टरीत सुपरवायझर असलेले काका नाफ्टावर, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोबरोबरच्या व्यापार करारावर, अर्धा तास बोलले. आता नाफ्टावर सही केली ती बिल क्लिंटननी, १९९३ मध्ये, आणि तो लागू झाला १९९४ ला, पण सप्टेंबरमधल्या पहिल्या डिबेटमध्ये ट्रम्पनी त्याचा जाब विचारला तो हिलरीला. १९९४ च्या क्राइम बिलचंही, म्हणजे गुन्हेगारीविरोधी कायद्याचंही, तेच. खातं नवऱ्याचं, नोटीस बायकोच्या नावावर.

मला तेव्हा फार राग यायचा. सांगलीला आईला फोन केला की ती वर म्हणायची, "अगं, निवडून आली तरी चालवणार नवराच ना? आपल्याकडे नाही का, सह्या सरपंचबाईंच्या आणि मीटिंगला सरपंचपती." मी तिच्याशी भांडायचे, आई, ही येल लॉ स्कूलची वकील आहे, न्यूयॉर्कची सिनेटर होती, परराष्ट्रमंत्री होती, हिला कोण चालवणार. आणि मे महिन्यात हिलरीबाई स्वतःच केंटकीत म्हणाल्या की अर्थव्यवस्थेला उभारी द्यायचं काम मी माझ्या नवऱ्याकडे देणार आहे, त्याला ते येतं म्हणून. मी आठवडाभर आईला फोन केला नाही.

पण मग टॅक्सवालीच्या नजरेने बघायला लागले आणि राग जरा उतरला. कारण हे जॉइंट रिटर्न त्यांनी स्वतःच भरलेलं होतं. १९९२ ला बिल प्रचारात गंमतीने सांगायचे, एकावर एक फ्री. त्या स्वतः अर्कान्सामध्ये कितीतरी वर्षं हिलरी रॉडमच होत्या, लग्नानंतरपण. १९८० ला बिल गव्हर्नरची निवडणूक हरले, गाड्यांची लायसन्स फी वाढवली म्हणून लोक चिडले होते हे मोठं कारण, पण बायको नवऱ्याचं आडनाव लावत नाही हेही लोकांना खुपायचंच, आणि १९८२ च्या प्रचारात त्या हिलरी क्लिंटन झाल्या. (माझ्या पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे, आणि त्यावरून सासरी काय काय ऐकलंय तो वेगळा ब्लॉग होईल, त्यामुळे हा भाग वाचताना मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली होती.) नाव लावलं ते मतांसाठी लावलं. मग २००८ ला जेव्हा स्वतः प्रेसिडेंटसाठी उभ्या राहिल्या तेव्हा म्हणायच्या, माझ्याकडे ३५ वर्षांचा अनुभव आहे. त्या ३५ मध्ये व्हाइट हाउसची आठ वर्षं धरलेलीच होती. बोस्नियात टुझ्लाला १९९६ मध्ये स्नायपरच्या गोळ्या चुकवत विमानातून धावलो, असं त्यांनी सांगितलं आणि मग टीव्हीवाल्यांनी जुना व्हिडिओ काढला तर त्यात त्या आणि चेल्सी आरामात चालतायत आणि एक छोटी मुलगी स्वागत करतीये. मी सोफ्यावर बसून अक्षरशः तोंडावर हात घेतला होता.

म्हणजे जमेची बाजू आली की आम्ही दोघं, आणि खर्चाची आली की ते त्यांचं होतं. असं नाही चालत. आमच्याकडेपण नाही चालत. तुम्ही सगळीकडे सांगत फिरलात की मी प्रत्येक मीटिंगला बाजूच्या खुर्चीवर होते, तर तुमचा ८८५७ पहिल्या टेबलावरच परत येणार.

आणि गंमत बघा, लोकांनी त्यांना 'इनोसंट स्पाउस' मानलं होतं एकदा. १९९८ ला. जानेवारीत टीव्हीवर त्या नवऱ्याच्या बाजूने उभ्या राहिल्या, हे सगळं उजव्यांचं कारस्थान आहे म्हणाल्या, ऑगस्टमध्ये नवऱ्यानेच मोनिकाचं कबूल केलं, आणि डिसेंबरला बिलवर इम्पीचमेंट, म्हणजे महाभियोग, चालू असताना गॅलपच्या पाहणीत हिलरींची लोकप्रियता ६७ टक्के! तेव्हा खरंच माहीत नव्हतं असं बहुतेकांना वाटलं. फसवली गेलेली बायको लोकांना आवडते. तीच बायको खुर्ची मागायला लागली की मग हिशेब काढतात. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये दहातल्या सहा जणांनी सांगितलं की ही बाई प्रामाणिक नाही वाटत. ट्रम्पचा आकडा त्याहून वाईट होता, ते सोडा.

ईमेलचं पाप मात्र त्यांचं स्वतःचं. म्हणजे त्यातही नवरा आहेच. मार्च २०१५ ला पत्रकारांना त्यांनीच सांगितलं की चॅपाक्वाच्या (त्यांचं न्यूयॉर्कमधलं गाव) घरातली ती ईमेलची सिस्टिम मुळात बिलच्या ऑफिससाठी बसवलेली. आणि खाजगी ईमेल का उडवले तर त्यात योगाचं, मुलीच्या लग्नाचं, नवऱ्याबरोबरचं वगैरे होतं, असं म्हणाल्या, आणि बिलचा प्रवक्ता सांगतो की साहेबांनी जन्मात दोनच ईमेल पाठवलेत. आता ह्यावर काय बोलणार? असं काहीतरी बारीकसं, न विचारता बोललेलं, ऑडिटला नेहमी तेच सापडतं.

पण मला ज्या प्रसंगाबद्दल खरं लिहायचंय तो फिनिक्सच्या विमानतळावरचा. २७ जून २०१६. हिलरींची एफबीआय चौकशी अगदी शेवटाला आलेली, आणि ज्या न्याय खात्याच्या हातात ती केस आहे त्याच्या प्रमुख लोरेटा लिंच ह्यांचं विमान तिथे उतरलं. बिलसाहेबांचं विमान तिथेच होतं. हा माणूस उठला, चालत गेला आणि त्यांच्या विमानात चढून गप्पा मारत बसला. अर्धा तास वगैरे. नातवंडं, गोल्फ, असलं बोललो म्हणे. मी मानते की तेवढंच बोलले असतील, त्या माणसाला रस्त्यात दिसेल त्याच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही हे जगाला माहितीये. पण अहो, बायकोची फाइल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांच्या घरी आपण चहाला जातो का! साध्या तलाठ्याच्या बाबतीतपण आमच्या सांगलीत माणूस चार वेळा विचार करेल.

पुढचं सगळं त्यातून घसरत गेलं. बोंब झाली, लिंच म्हणाल्या की मी एफबीआय आणि खात्यातले वकील जे सांगतील ते मान्य करेन. मग ५ जुलैला एफबीआयचे जेम्स कोमी एकटेच कॅमेऱ्यासमोर आले, खटला भरण्यासारखं नाही म्हणाले पण अत्यंत निष्काळजीपणा झाला असंही म्हणाले. एरवी खटला भरायचा नसेल तर एफबीआयवाले असं भाषण देत नाहीत. आणि नंतर २०१७ ला सिनेटसमोर कोमींनी सांगितलं की असं एकट्याने जाहीर करायचं पक्कं झालं ते त्या विमानातल्या भेटीमुळे. एकदा जाहीर बोलून बसल्यावर २८ ऑक्टोबरला, मतदानाला अकरा दिवस असताना, नवीन ईमेल सापडलेत हेही पत्र लिहून कळवावंसं वाटलं. ते ईमेल कुठे सापडले? हिलरींच्या मदतनीस हुमा अबेदीन, त्यांच्या नवऱ्याच्या लॅपटॉपवर, आणि तो लॅपटॉप एफबीआयकडे होता कारण नवऱ्याची चौकशी भलत्याच घाणेरड्या भानगडीत चाललेली. म्हणजे इथेही नवराच. ६ नोव्हेंबरला कोमी म्हणाले त्यात काही निघालं नाही. ८ ला मतदान.

विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं मिळून ८०,००० पेक्षा कमी मतांनी हातातून गेली. देशभरात त्यांना जवळजवळ २९ लाख मतं जास्त. पत्रामुळेच हरल्या असं मी म्हणत नाही, पक्षाची उमेदवारी मिळाल्यावर विस्कॉन्सिनला त्या प्रचाराला गेल्यापण नव्हत्या. पण ज्याला आधीच डळमळीत वाटत होतं त्याला त्या पत्राने निमित्त दिलं, हे मी माझ्या काउंटरवर पाहिलंय. ऑक्टोबरमध्ये ट्रम्प इकडे एडिसनलाच हिंदूंच्या कार्यक्रमाला येऊन गेले होते, तरी आमच्यातले बरेच जण हिलरीलाच देणार होते, आणि शेवटच्या आठवड्यात त्यातले दोघं-तिघं येऊन सांगून गेले की बाई, आम्ही घरीच बसणार.

मी मत त्यांनाच दिलं. विश्वास होता का? कामावर होता. बाकी विचारू नका.

ग्वाटेमालामध्ये एक बाई होत्या, सांद्रा टोरेस. नवरा प्रेसिडेंट आणि तिथल्या राज्यघटनेप्रमाणे प्रेसिडेंटच्या जवळच्या नातेवाइकाला उभं राहता येत नाही, म्हणून त्यांनी २०११ ला घटस्फोटच घेतला. कोर्टाने तरी उभं राहू दिलं नाही. मग २०१५, २०१९, २०२३, तिन्ही वेळा शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन हरल्या. हे आईला सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे नवरापण गेला आणि खुर्चीपण." आणि मग जरा थांबून, "पण निदान हिने कागद तरी नीट केले."

असो, पलीकडचा डोसेवाला त्याच्या पावत्यांची शूबॉक्स ठेवून गेलाय आणि तीपण ओली. फॉर्म ८८५७ बद्दल कुणाला विचारायचं असेल तर १५ एप्रिलनंतर विचारा, आत्ता नाही.