वे ऑफ द सामुराई : तलवार म्यानात ठेवण्याचाही पर्याय

सामुराईंवरचे गेम खेळणाऱ्यांमध्ये एक वाद हमखास निघतो : खेळणाऱ्याने घेतलेल्या निर्णयाने कथा खरोखर बदलते, की ती बदलल्याचा नुसता भास होतो? बेळगावातल्या आमच्या मित्रमंडळात कॉलेजात शिकणारी मुले आहेत, उद्यमबागेतल्या कारखान्यांत पाळीवर जाणारे आहेत आणि सुट्टीला खानापूर-निपाणीकडून येणारे नातेवाईकही आहेत. या सगळ्यांची मते मी आवडीने ऐकत आलो आहे आणि ती ऐकताना माझे स्वतःचेही एक मत पक्के होत गेले आहे. अक्वायर या जपानी कंपनीची ‘वे ऑफ द सामुराई’ ही मालिका दिसायला ओबडधोबड आहे, तिच्यातला कॅमेरा ऐनवेळी भलतीकडे वळतो, चेहऱ्यांवर फारसे भाव उमटत नाहीत. तरीही निर्णयाची जबाबदारी तिने ज्या निष्ठेने खेळणाऱ्यावर सोपवली आहे, तशी ती नंतरच्या देखण्या आणि महागड्या गेमनी सोपवलेली मला दिसली नाही.

पहिला भाग २००२ साली प्लेस्टेशन २ वर आला. त्याची कथा १८७८ सालची आहे. सामुराईंनी उघडपणे तलवार बाळगण्यावर सम्राटाच्या नव्या मेजी सरकारने १८७६ मध्ये बंदी घातली होती आणि पुढच्याच वर्षी सामुराईंचे सात्सुमाचे बंडही मोडून काढले होते; म्हणजे ज्यांच्या हातात तलवार आहे त्यांचे दिवस भरले आहेत, हे खेळणाऱ्याला सुरुवातीपासूनच ठाऊक असते. रोक्कोत्सु नावाच्या एका घाटात कुरो आणि आकादामा अशा दोन टोळ्या आणि सरकारी फौज यांच्यात संघर्ष पेटलेला आहे, आणि आपण एक भटका सामुराई म्हणून तिथे येऊन पोहोचतो. सगळी कथा दोन दिवसांत संपते.

या भागाची सुरुवातच पाहण्यासारखी आहे. घाटातल्या पुलावर काही माणसे एका तरुणीला ओढून नेत असतात आणि आपण समोरून येत असतो. तिला सोडवता येते, पळवून नेणाऱ्यांनाच मदत करता येते, किंवा काही न बोलता बाजूला होता येते. तिसऱ्या पर्यायाबद्दल आमच्यात जेवढी चर्चा झाली तेवढी कुठल्याही मोठ्या लढाईबद्दल झाली नसेल. बहुतेक गेममध्ये गप्प राहणे हा पर्यायच नसतो. नायकाने मध्ये पडायचे हे आधीच ठरलेले असते आणि खेळणारा फक्त त्याच्या हातापायांचे काम करतो. इथे तुम्ही बाजूला झालात तर गेम तुम्हाला रागावत नाही, समजावत नाही, मागे ओढूनही आणत नाही. घाट सोडून निघून जायचे असेल तर तेही करता येते, आणि तसे केले की कथा तिथेच संपते. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या माझ्या एका मित्राला हीच गोष्ट सर्वांत जास्त पटते. तो म्हणतो, “ह्यात आपल्याला कुणी हिरो करून ठेवलेलं नाही गा. व्हायचं असेल तर आपण व्हायचं.”

मालिकेतला तिसरा भाग माझ्या विशेष आवडीचा आहे. तो जपानच्या यादवी युद्धांच्या काळात, आमाना नावाच्या काल्पनिक प्रांतात घडतो. फुजिमोरी घराण्याने आपल्याच धन्याशी दगाफटका करून सत्ता बळकावली आहे, त्या जुन्या घराण्याच्या उरल्यासुरल्या माणसांनी ओउका नावाने टोळी उभी केली आहे, आणि या दोघांच्या मध्ये ‘ताकाताने’ नावाच्या गावचे शेतकरी भरडले जात आहेत. पण कथेपेक्षाही महत्त्वाचे आहे ते तिच्यात शिरण्याचे साधन. समोरचा माणूस बोलत असताना, त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच, एक बटण दाबून तलवार उपसता येते. दुसरे बटण दाबले की आपला सामुराई गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून माफी मागतो. संवाद सुरू असताना हे कधीही करता येते, आणि समोरची माणसे त्याची दखल घेतात.

हे जवळून पाहिल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही. एकदा खानापूरचा माझा मावसभाऊ खेळत होता आणि मी शेजारी बसून इंग्रजी संवाद वाचून त्याला मराठीत सांगत होतो. एक सरदार आपल्या पराक्रमाचे लांबलचक वर्णन करत होता. मी म्हणालो, “थांब जरा, त्याचं बोलणं तर होऊ दे.” त्यावर तो म्हणाला, “दादा, हा गावाबद्दल काय बोलला ते ऐकलास न्हवं? मग पुढचं ऐकून काय करायचं?” आणि त्याने तलवार उपसली. क्षणात खोलीतले सगळे पहारेकरी उठले, सरदाराचे वाक्य अर्धवट राहिले, आणि तिथून कथा अशा वळणाला लागली की मी त्याआधी ते कधीच पाहिले नव्हते. पडद्यावर तीन पर्यायांची यादी नव्हती, घड्याळाचे काटे नव्हते, अमुक एक निर्णय महत्त्वाचा आहे अशी सूचनाही नव्हती. एका माणसाला राग आला आणि त्याने तो व्यक्त केला, इतकेच घडले. निर्णय असाच असला पाहिजे असे मला मनापासून वाटते : प्रसंगाच्या आत, हाताच्या एका हालचालीत, आणि वेळ निघून गेली की गेली.

याच भागात तलवारीची बोथट बाजू वापरून लढण्याचीही सोय आहे. पाते उलटे धरले की वार लागतो, माणूस कोसळतो, पण मरत नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ करणारा शहापूरचा एक मित्र या सोयीवर फार खूश आहे. तो स्वतः पट्टा चालवतो, त्यामुळे त्याची नजर आमच्यापेक्षा वेगळी आहे. आपली मराठा धोप सरळ पात्याची आणि एका हाताने चालवायची, तर जपानी कटाना वक्र आणि बहुधा दोन्ही हातांनी धरायची. म्हणून पायांची ठेवण, खांद्याचा कोन आणि वार करून मागे येण्याची रीत सगळीच निराळी असते, हे त्याने आम्हाला काठी हातात घेऊन दाखवले. त्याचे म्हणणे असे की वार करणे सोपे असते, हातात आलेला वार आवरणे अवघड असते, आणि ते अवघड काम या गेमने खेळणाऱ्यासाठी राखून ठेवले आहे.

आता विरोधी मते, कारण तीही तितकीच प्रामाणिक आहेत. कॉलेजातली मुले म्हणतात की या मालिकेतली तलवारबाजी अडखळत चालते, एकाच वस्तीत पुन्हा पुन्हा फिरावे लागते, आणि एका खेपेत कथेचा जेमतेम एक तुकडा हाती लागतो. यातला तलवारबाजीचा आक्षेप मला मान्य आहे. टीम निंजाने केलेल्या ‘राइज ऑफ द रोनिन’मध्ये, जो मार्च २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ वर आणि वर्षभराने पीसीवर आला, शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवण्यात जी धार आहे तिच्यापुढे अक्वायरचे गेम खरोखरच जुनाट वाटतात. तुकड्याचा आक्षेप मात्र मला पटत नाही. एका खेपेत एकच बाजू दिसणे हीच या मालिकेची खरी ताकद आहे. पहिल्यांदा ज्यांना आपण गुंड समजून कापून काढतो, त्यांच्याच ओसरीवर दुसऱ्या खेपेत बसून त्यांची भांडणे, त्यांची देणी आणि त्यांची भीती ऐकावी लागते. एक खेप काही तासांत पुरी होते, म्हणून पाळी संपवून आलेला माणूसही शनिवारी रात्री एक पूर्ण आयुष्य जगून उठू शकतो. शंभर तासांच्या गेममध्ये हे शक्य नसते, कारण तिथे चुकीच्या बाजूने गेल्याची किंमत फार मोठी होते आणि मग बनवणारेच ती किंमत कमी करत जातात.

‘राइज ऑफ द रोनिन’बद्दल माझी नाराजी नेमकी इथे आहे. शोगुनशाहीच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांच्या राजवटीच्या, अखेरच्या काळातले योकोहामा, एडो (आजचे टोकियो) आणि क्योतो त्यात फार मेहनतीने उभे केले आहेत. साकामोतो र्‍योमासारखी इतिहासातली माणसे आपल्याशी मैत्री करतात, आणि शोगुनच्या बाजूने की विरोधात, हे जागोजागी ठरवावे लागते. पण इतिहासाची मोठी वळणे आपण कुठेही उभे असलो तरी ठरल्याप्रमाणेच येतात, आणि पुढे एका सोयीने मागच्या मोहिमांकडे परत जाऊन घेतलेले निर्णय बदलताही येतात. निपाणीच्या माझ्या वहिनींना ही सोय आवडते. त्यांच्या मते घर सांभाळून खेळणाऱ्याला सगळ्या वाटा पाहायला मिळाल्याच पाहिजेत, त्यासाठी सगळे पुन्हा पहिल्यापासून खेळायला कोणाला वेळ आहे? त्यांची अडचण खरी आहे. तरीही जो निर्णय मागे जाऊन पुसता येतो तो घेताना माझा हात थरथरत नाही, आणि सामुराईच्या कथेत तो थरथरावा अशी माझी अपेक्षा असते.

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा २०२० सालचा गेम आमच्याकडे सर्वांनाच आवडला. १२७४ च्या मंगोल स्वारीची पार्श्वभूमी, वाऱ्याच्या दिशेने वाट शोधण्याची कल्पना आणि काका-पुतण्यातला ताण या गोष्टी मन लावून केल्या आहेत. मात्र त्यात खऱ्या अर्थाने निर्णय एकच आणि तोही अगदी शेवटी आहे. तो हृदयाला भिडतो, पण त्याच्यामागे काहीच उरत नाही. याउलट २०१९ च्या ‘सेकिरो’मध्ये मानलेल्या बापाची आज्ञा पाळायची की मोडायची असा प्रसंग मध्येच येतो, आणि आज्ञा पाळली तर गेम लवकर संपतो, पुढचे मोठे प्रदेश दिसतच नाहीत. चार शेवटांपैकी हा शेवट सर्वांत कठोर आहे आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो.

चौथ्या भागाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पीसीवर तो २०१५ पासून मिळतो आणि आमच्याकडे बहुतेकांनी तोच आधी खेळला. अमेरिकेची काळी जहाजे जपानच्या किनाऱ्यावर येऊन गेल्यानंतरचा तो काळ आहे. आमिहामा नावाच्या बंदरात इंग्रज उतरले आहेत, शोगुनचे अधिकारी त्यांची सरबराई करत आहेत, आणि परदेशी माणसांना हाकलून लावण्यासाठी एक टोळी तलवारी परजून उभी आहे. गावात भाषेची शाळा उघडेपर्यंत इंग्रजांचे बोलणे आपल्या सामुराईला समजत नाही. पहिल्या खेपेत ज्याच्यावर नुसता संशय घेतला त्याचे म्हणणे नंतरच्या खेपेत कळते, आणि ते कळल्यावर बाजू निवडणे सोपे होत नाही, उलट अवघड होते.

‘तू कुणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न आमच्या भागात नवा नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांनी तो निवडणुकीत ऐकला आहे, मुलांना शाळेत घालताना ऐकला आहे, दुकानाची पाटी रंगवताना ऐकला आहे. शेजारी कन्नड बोलणारा आहे, त्याच्याशी तीन पिढ्यांचा घरोबा आहे, आणि तरीही वर्षातून एखादा दिवस असा येतो की दोघांनाही बाजू विचारली जाते. त्यामुळे आमच्याकडची मुले ताकाताने गावच्या शेतकऱ्यांच्या बाजूने खेळतात तेव्हा ती नुसता गेम जिंकायला खेळत नाहीत असे मला वाटते. दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये सापडलेल्या गावात दोन्हीकडच्या माणसांना ओळखणारा एक उपरा काय करू शकतो, हा विचार त्यांच्या खेळण्यात दिसतो. मावसभावाने तिसऱ्या भागात गावाच्या बाजूचा शेवट गाठला तेव्हा त्याने एकाही माणसाला मारले नव्हते. त्यासाठी त्याला कितीतरी वेळा गुडघे टेकावे लागले, आणि त्याचा त्याला जराही कमीपणा वाटला नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी माझ्या मते तिसरा भाग आधी घ्यावा. तो पीसीवर २०१६ पासून उपलब्ध आहे आणि सवलतीच्या दिवसांत स्वस्तात मिळतो. चौथ्या भागात थिल्लर विनोद बराच आहे आणि घरातल्या मोठ्या माणसांसमोर खेळताना संकोच वाटेल असे प्रसंगही आहेत, हे आधीच सांगितलेले बरे. कंट्रोलर असेल तर तोच वापरावा, कारण कीबोर्डवर वार परतवणे त्रासाचे होते. पहिली खेप कोणाचाही सल्ला न वाचता, मिळेल तो शेवट स्वीकारून पुरी करावी. तलवार तुटली तर तुटू द्यावी. दोजिमा नावाचा लोहार या मालिकेत पुन्हा पुन्हा भेटतो आणि तलवारीची कामे त्याच्याकडेच होतात. आणि पहिल्या खेपेत ज्या बाजूने लढलात तिच्या विरुद्ध बाजूने दुसरी खेप अवश्य खेळावी. आमच्यात सध्या फुजिमोरींच्या बाजूने खेळायला कोणी तयार नाही, म्हणून येत्या रविवारी ते काम मी अंगावर घेतले आहे.