पेन्सिलीने लिहिलेले अर्थ

२२ मार्च २०२५, शनिवार
अंबाजोगाई

आज सहाव्या सत्राचा शेवटचा तास झाला. वर्गात आम्ही नऊ जण होतो. पहिल्या वर्षी इंग्रजी हा मुख्य विषय घेणाऱ्यांची संख्या चाळिसाच्या घरात होती. पुढे काही मुलींची लग्ने झाली, काही मुले पोलीस भरतीच्या तयारीसाठी लातूरला गेली, आणि उरलेल्यांपैकी बरेच जण आता फक्त परीक्षेला येतात. सर तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यांचे मानधन महिनोन्महिने रखडते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तरीही तीन वर्षांत त्यांनी एकही तास बुडवल्याचे मला आठवत नाही. निरोपाचे भाषण त्यांनी केले नाही. राहिलेली टिपणे पूर्ण करून दिली, अंतर्गत परीक्षेचे गुण वाचून दाखवले आणि जाता जाता मला विचारले, "कुठपर्यंत आलीस?"

या प्रश्नामागे जानेवारीतली एक गोष्ट आहे. सत्राच्या पहिल्याच तासाला सर म्हणाले होते की, तीन वर्षांत तुम्ही उत्तरे पुष्कळ लिहिलीत. आता जाण्यापूर्वी एक तरी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मुळातून वाचा. ते ऐकताना माझी मान खाली गेली, कारण ते मला उद्देशून नसले तरी माझ्याबद्दलच होते. मी केज तालुक्यातल्या एका खेड्यातून, मराठी माध्यमातून शिकून आले. इंग्रजी घेतली की शिक्षिकेची नोकरी हमखास, असे मामांनी सांगितले आणि मी इंग्रजी घेतली. पहिल्या सत्रातच मूळ पुस्तक उघडले, दोन पाने वाचली, काहीही कळले नाही, आणि त्याच संध्याकाळी बसस्थानकासमोरच्या दुकानातून गाईड आणले. गाईडमध्ये कथासार असते, पात्रांची स्वभाववैशिष्ट्ये असतात, अपेक्षित प्रश्न असतात. ते पाठ केले की गुण मिळतात. शेक्सपिअरचे एक संपूर्ण नाटक मी अशा रीतीने 'केले', पण त्यातला एक अंकही सलग वाचला नाही. त्या पेपरला मला वर्गात सर्वाधिक गुण होते. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

म्हणून जानेवारीत मी ग्रंथालयातून थॉमस हार्डीची 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' ही कादंबरी घरी आणली. १८८६ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक निवडण्यामागे काही मोठा विचार नव्हता. ते अभ्यासक्रमात होते आणि त्याची एक प्रत शिल्लक होती. बांधणी सुटलेली, कडा तपकिरी झालेल्या, मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का २०११ सालचा. पहिल्याच पानावर अवघड शब्दांच्या डोक्यावर कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरांत मराठी अर्थ लिहिलेले होते. अक्षर वळणदार, एकही काना इकडेतिकडे नाही. त्या अनोळखी हाताने पुष्कळ ठिकाणी मला वाट दाखवली. छेचाळिसाव्या पानावर मात्र ते अर्थ एकदम थांबतात. त्या पानानंतर पुस्तक कोरे आहे. ती मुलगी असावी असे मला वाटते, का ते सांगता येणार नाही. तिथे तिचे काय झाले असेल, हा विचार त्या रात्री कितीतरी वेळ मनातून गेला नाही.

सरांना मी सांगितले, "सर, बाविसावे प्रकरण संपत आलेय." ते म्हणाले, "छान. पुढचे सावकाश वाच." एवढेच. पण 'छान' म्हणताना ते थांबले होते.

२५ मार्च, मंगळवार

खोलीत उकाडा असह्य होतो, म्हणून दुपारी आम्ही दोघी मैत्रिणी मुकुंदराजांच्या समाधीकडे अभ्यासाला गेलो. खाली दरीत सावली असते आणि सुट्टीचा दिवस नसला की गर्दीही नसते. मैत्रीण इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासातली सनावळी मोठ्याने म्हणत होती. चॉसर, मृत्यू १४००, इंग्रजी काव्याचा जनक. आम्ही जिथे बसलो होतो त्या ठिकाणच्या कवीचा 'विवेकसिंधू' शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानला जातो. चॉसरच्या जन्माच्याही सुमारे दीडशे वर्षे आधीचा. ही वजाबाकी मी वहीच्या कोपऱ्यात करून पाहिली आणि तिला दाखवली. अभिमानासाठी म्हणून ती केली नव्हती. इंग्रजी ही एके काळी दरबारात जागा नसलेल्या, शेतकऱ्यांच्या तोंडची भाषा होती, राजे आणि सरदार फ्रेंच बोलत, हे आम्ही पहिल्या वर्षी पाठ केले होते. पण ते खरेच घडले असेल असे मला आज त्या पायऱ्यांवर बसून पहिल्यांदा वाटले. तोवर इंग्रजी म्हणजे जन्मापासून मोठी असलेली भाषा, अशीच माझी समजूत होती.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा
गाव

काल दुपारच्या एस.टी.ने घरी आले. सकाळी गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला, आईने पुरणपोळी केली. दुपारी पारावर सालगड्यांची साले ठरत होती. पाडव्याला जुने साल संपते आणि नवे सुरू होते, ही आमच्याकडची जुनी रीत. गडी आता मिळत नाहीत, मिळाले तर सालाची रक्कम शेतकऱ्याला झेपत नाही, तरी पारावर बोलणी चाललेलीच असतात. आमच्या शेजारच्या मळ्यावर अकरा वर्षे राहिलेला एक वयस्क गडी भिंतीला टेकून बसला होता. त्याला कोणीच काही विचारत नव्हते.

मी घरात येऊन पुस्तक उघडले तर समोर तेविसावे प्रकरण. गावात वर्षभरासाठी गडी ठरवण्याचा बाजार भरला आहे. कंबरेत वाकलेला एक म्हातारा मेंढपाळ हातातल्या काठीवर रेलून उभा आहे. काम मिळते आहे ते पस्तीस मैलांवर, आणि तेही बाप आणि मुलगा दोघे गेले तरच. मुलाची प्रेयसी इथे आहे. गेला नाही तर बाप उपाशी राहील, म्हणून तो तिचा निरोप घेतो. ते पाहून फारफ्रे नावाचा तरुण धान्यव्यापारी दोघांनाही इथेच कामावर ठेवून घेतो. हे वाचून मी पुन्हा अंगणात गेले, पाराकडे पाहिले, आणि परत येऊन तीच दोन पाने पुन्हा वाचली. शब्दकोश उघडावा लागला नाही. इतके दिवस मी इंग्रजी वाक्य मनात मराठीत उलथवून मग समजून घेत असे. या पानांवर ते करायचे राहूनच गेले.

रात्री जेवणानंतर दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) विचारले, "काय वाचायलीस एवढं मन लावून?" दादा सातवीपर्यंत शिकलेले. माझ्या अभ्यासाबद्दल त्यांनी कधी काही विचारले नव्हते. फी भरताना आकडा विचारत, तेवढेच. मी त्यांना गोष्ट सांगू लागले. कादंबरीचा नायक हेंचर्ड पहिल्या पानावर गवताच्या पेंढ्या बांधायचे काम शोधत निघालेला असतो. त्याच्या टोपलीतून गवत कापायच्या सुरीची मूठ आणि बंध वळायचे हत्यार बाहेर डोकावत असते. गवताच्या रचलेल्या ढिगाला असलेला इंग्रजी शब्द मी गाईडप्रमाणे 'गंजी' असा सांगितला, तर दादा म्हणाले, "बनीम म्हण की." मग मी पुढे वाचत गेले आणि तोंडाने मराठीत सांगत गेले. चोविसाव्या प्रकरणात गावात पेरणीचे नवे यंत्र येते, लोक ते पाहायला गोळा होतात. त्याचे वर्णन सांगता सांगता दादा हसू लागले. "तिफणच हाय की ती. चाड्यातून बी पडतंय, नळ्यांनी रानात जातंय. किती नळ्या हायत्या म्हणं?" नळ्या किती हे मला सापडले नाही. मी तो आकडा शोधून सांगावा असे त्यांना वाटत होते, कारण आमच्या पडवीत आजोबांची लाकडी तिफण अजून उभी आहे, आणि ट्रॅक्टर आल्यापासून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या गाईडमध्ये त्या यंत्राबद्दल एक ओळ आहे: आधुनिकतेचे प्रतीक.

यानंतरचा भाग मी मुद्दाम टाळणार होते. आमच्या घरात मागच्या खोलीत सोयाबीनची पोती आहेत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांच्या वरचा भाव पाहिला, आणि तेव्हापासून दादा दरवर्षी थोडा माल मागे ठेवतात. यंदा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना बाजार त्याच्या बराच खाली आहे. आणि कादंबरीत नेमके तेच प्रकरण पुढे येते. आता धान्याचा मोठा व्यापारी झालेला हेंचर्ड भर पावसात, रात्री, चिखल तुडवत एका हवामान सांगणाऱ्या माणसाकडे जातो. तो म्हणतो, सुगीत पाऊस लागणार. हेंचर्ड चढ्या भावाने धान्य भरून ठेवतो. मग ऊन पडते, पीक चांगले येणार असे दिसू लागते, भाव कोसळतात आणि त्याला मिळेल त्या किमतीला सगळे विकावे लागते. त्याने विकल्यानंतर, ऐन कापणीत, पाऊस येतोच.

मला वाटले दादांना वाईट वाटेल. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "तुमचे सर काय म्हणतेत, कशामुळं बुडाला?" मी पाठ केलेले उत्तर सांगितले: उतावळा स्वभाव, अंधश्रद्धा, अहंकार. दादांनी मान हलवली. "अंदाज तर खरा निघाला त्याचा. पाऊस आला का न्हाई? थांबायची ऐपत नव्हती त्याची. देणं अंगावर असलं की अंदाज खरा असूनबी माणूस बुडतंय."

मी काहीच बोलले नाही. या कादंबरीवर मी दोन चाचण्यांत उत्तरे लिहिली, दोन्ही वेळा हेंचर्डचे दोष क्रमाने मांडले, आणि त्याला घाईने विकावे का लागले हे एकदाही माझ्या मनात आले नाही. ते पुस्तकात स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते पान काढून पुन्हा वाचले: घेतलेल्या मालाचे पैसे चुकते करायची वेळ येते, बँकेची पायरी चढावी लागते. हार्डी प्रस्तावनेत सांगतो की, या कथेच्या मुळाशी धान्यविषयक कायदे रद्द होण्याआधीच्या, म्हणजे १८४६ पूर्वीच्या, काळातली बेभरवशाची पिके आहेत. ते कायदे काय होते, परदेशी धान्यावर कर लावून इंग्लंडातले भाव कसे चढे ठेवले जात, हे आम्हाला फक्त तळटीप म्हणून शिकवले होते. दादांना ती तळटीप एका दमात कळली. त्यांनी विचारले, "मग बाहेरचं धान्य आल्यावर तिथल्या शेतकऱ्याचं काय झालं?" हा प्रश्न तीन वर्षांत आमच्या वर्गात कोणीही विचारला नव्हता, मीही नाही.

३ एप्रिल, गुरुवार
अंबाजोगाई

आज सरांना तिफणीचे आणि दादांच्या बोलण्याचे सांगितले. त्यांनी ते सगळे उभ्यानेच ऐकले. परीक्षेत असे लिहिले तर चालेल का, असे विचारल्यावर ते म्हणाले की, पुस्तकातला आधार देऊन लिही, पानांचे संदर्भ दे, म्हणजे तपासणाऱ्याला ते बाजूला सारता येणार नाही. मग त्यांनी माझ्याकडून ते बँकेचे पान मागून घेतले आणि तिथेच, जिन्यात उभे राहून वाचले.

पुढे काय करायचे हे घरी ठरलेले नाही. बी.एड.ची प्रवेश परीक्षा मी दिलेली आहे. एम.ए.ला छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात जावे असे मला मनापासून वाटते, पण ते पोती विकली जाण्यावर आणि किती भावाने विकली जाण्यावर अवलंबून आहे, आणि त्याबद्दल मी दादांना अजून विचारलेले नाही.

हॉल तिकिटासाठी ग्रंथालयाचा ना-देय दाखला लागतो, म्हणून पुस्तक बुधवारी परत करायचे आहे. छेचाळिसाव्या पानापासून पुढे मीही पेन्सिलीने अर्थ लिहीत आले आहे. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये हे ठाऊक असूनही खोडावेसे वाटत नाही. चोविसाव्या प्रकरणात, त्या यंत्राच्या नावावर, बारीक अक्षरांत 'तिफण' लिहिले आहे. संध्याकाळी दादांचा फोन आला. आईची, गुरांची, पाण्याची चौकशी झाल्यावर ते म्हणाले, "आन् त्या हेंचर्डचं पुढं काय झालं?" अजून नव्वद पाने राहिली आहेत. शनिवारी गावी जाताना पुस्तक सोबत नेणार आहे.