सात नंबरची जोडी

दोन परीक्षकांनी पहिला क्रमांक दिलेली जोडी चौथी आली आणि एकाही परीक्षकाने पहिला क्रमांक न दिलेली जोडी पहिली. हा निकाल मी काढला. आकडे तिथेच तपासले, घरी येऊन पुन्हा तपासले, ते बरोबर आहेत. तरी सात नंबरची ती पोरं डोक्यातून जात नाहीत.

कोल्हापुरात राजारामपुरीत मी साल्सा नाच शिकवते. ज्या हौशी स्पर्धेत माझे विद्यार्थी नसतात तिथे मला गुणमोजणीला बोलावतात. परीक्षकांचं काम लोकांना माहीत असतं, मोजणाऱ्याचं नसतं. परीक्षक नाच बघताना स्वतःपुरते कच्चे गुण टिपतात, पण माझ्याकडे गुण येत नाहीत, फक्त क्रम येतो. पाच जोड्या असतील तर एक ते पाच, आणि दोघांना एकच क्रम देता येत नाही. कारण एक परीक्षक नव्वदच्या खाली येत नाही आणि दुसऱ्याच्या हातून सत्तरच्या वर काही सुटत नाही. अशांच्या गुणांची बेरीज केली तर गुणांची सगळ्यात मोठी दरी ठेवणारा माणूस एकटा निकाल ठरवतो. क्रमांच्या पद्धतीत प्रत्येकाचं वजन सारखं राहतं. पाच परीक्षक असतील तर बहुमत तिघांचं. या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास आहे आणि ती समजून न घेता तिला शिव्या देणाऱ्या क्लासवाल्यांचा मला मनापासून राग येतो.

त्या रविवारी सकाळी वीस जोड्या होत्या. प्राथमिक फेरीत परीक्षक फक्त बरोबरची खूण करतात, अंतिम फेरीला कोण हवं एवढंच. सात नंबरला पाचही परीक्षकांची खूण मिळाली. अशी दुसरी जोडी नव्हती. मंगळवार पेठेतला एक मुलगा आणि त्याच्या कॉलेजची मैत्रीण, दोघं विशीतले. मुलगा हात ओढत नव्हता. हौशी स्पर्धेत हे फार दुर्मीळ. बहुतेक पोरं वळण द्यायचं म्हणजे मुलीचं मनगट पिळतात. हा तळहाताने नुसता इशारा द्यायचा, त्यावर ती स्वतः फिरायची, आणि फिरून आली की पाऊल बरोबर एकवर. साल्सात आठ मोजतात. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात अशी पावलं, चार आणि आठवर पाऊल पडत नाही. नवखे त्या रिकाम्या चारवरच घाई करतात आणि पुढची पाच लवकर येते. या मुलीची चार पूर्ण भरत होती. सकाळी हॉलमध्ये वीसेक माणसं असतील, पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

जेवणानंतर त्यांचे मित्र आले, तीस-चाळीस जण तरी असतील. पेठेतली पोरं, शाहू स्टेडियमवर फुटबॉलला जशी जातात तशीच सगळी तयारीनिशी आली होती. दोन हलग्या, एक घुमकं, कैताळ, अशी सगळी वाद्यं. कोल्हापुरात माणसावर प्रेम असलं की ते असं मोठ्याने असतं, आणि मला ते आवडतं. ज्या गावात पोराने साल्सा शिकतो म्हटलं की घरात अजून चार दिवस अबोला धरतात, तिथे तालमीतले दोस्त हलगी घेऊन पाठीशी उभे राहतात ही काही छोटी गोष्ट नाही. खुर्च्या भरल्या होत्या म्हणून ती सगळी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. ती जागा लक्षात ठेवा.

हॉलबद्दल सांगायलाच हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं ते नाट्यगृह गेल्यापासून असे कार्यक्रम मंगल कार्यालयात होऊ लागलेत. मंगल कार्यालय जेवणावळींसाठी बांधलेलं असतं. खाली फरशी, बाजूला काचा, वर सपाट स्लॅब. आवाज शोषून घेईल असं काहीच नाही. अशा ठिकाणी नाचणाऱ्यांसाठी रंगमंचावर, त्यांच्या दिशेने तोंड केलेले मॉनिटर स्पीकर लावावेच लागतात. मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, त्यांच्या मागे उभ्या असलेल्याला गाण्याचा नुसता गाळ ऐकू येतो. मॉनिटर आणा असं मी आधीच्या आठवड्यात आयोजकांना फोनवर सांगितलं होतं. आले नाहीत. त्या पैशांत रंगीत धुराचं मशीन आलं.

अंतिम फेरीत प्रत्येक जोडी एकटी, दीड मिनिट. गाणं साउंडवाला लावेल ते, आधी कळत नाही. वेग सगळ्यांना साधारण सारखा, मिनिटाला १८० ठोक्यांच्या आसपास. सात नंबर नाचायला तिसरे आले. निवेदक ओरडला, "कोल्हापूरकर, आवाज कमी पडतोय!" आणि मागच्या भिंतीवरून हलगी सुरू झाली.

पहिले दोन आठ ठीक गेले. तिसऱ्या आठमध्ये मुलाने क्रॉस बॉडी लीड दिली, म्हणजे मुलीला स्वतःसमोरून पलीकडे नेलं, आणि मुलगी पोहोचली ती एकवरही नाही, दोनवरही नाही, दोन्हींच्या मध्ये. मी साउंडवाल्याच्या शेजारी बसले होते, तिथे गाणं स्वच्छ होतं, काँगा या हाताने वाजवायच्या ढोलावरचा दोनचा चापट ठोका वेगळा ऐकू येत होता. पोरांची पावलं त्याच्या मागे पडत होती, पण डळमळीत नव्हती. अगदी नेटकी, एकसारखी, सतत अर्ध्या मात्रेने मागे. तालाचा गंध नसलेला माणूस कधी पुढे जातो, कधी मागे पडतो. ही पोरं कशाच्या तरी तालात होती. फक्त ते गाणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉलवर जाऊन मी टेप लावली. रंगमंचाच्या कडेपासून मागची भिंत नव्वद फूट, म्हणजे सत्तावीस मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे गाणं भिंतीशी पोहोचायला सेकंदाचा साधारण बारावा भाग लागतो. हलगीवाला ते ऐकून अगदी अचूक वाजवतो. त्याचा ठोका रंगमंचावर परत यायला आणखी बारावा भाग. दोन्ही मिळून एक षष्ठांश सेकंद. मिनिटाला १८० ठोक्यांच्या गाण्यात एक मात्रा असते एक तृतीयांश सेकंदाची. म्हणजे हलगीवाला कितीही पक्का असला तरी त्याचा प्रत्येक ठोका नाचणाऱ्याच्या कानावर जवळजवळ दोन मात्रांच्या मधोमध पडणार. हिशेब कागदावर मांडला आणि मी त्या रिकाम्या हॉलमध्ये बराच वेळ बसून राहिले.

परीक्षकांत फूट का पडली तेही यातून कळतं. तिघं रंगमंचाच्या पुढ्यात, मोठ्या स्पीकरखाली बसले होते. त्यांना गाणं ऐकू येत होतं आणि त्यांनी चार, पाच, पाच दिले. दोघांची टेबलं जागा नाही म्हणून हॉलच्या मध्यावर सरकवली होती. त्यांच्या पाठीशी हलगी, कानातही हलगीच, आणि पोरं हलगीवर चोख नाचत होती. दोघांनीही एक दिला. पाचातला एकही परीक्षक खोटं वागला नाही.

आता चौदा नंबर. चाळिशी ओलांडलेलं जोडपं, त्यांचं लक्ष्मीपुरीत दुकान आहे. एकही वळण अवघड नाही, पण दीड मिनिटात एकदाही गाणं सुटलं नाही. पितळी वाद्यांचा तडाखा आला तेव्हा दोघं पूर्ण थांबले आणि पुढच्या एकवर परत चालू लागले. त्यांचे क्रम होते दोन, दोन, दोन, तीन, तीन.

मोजणी अशी झाली. पहिले क्रम कोणाला किती? सात नंबरला दोन. तीन, अकरा आणि अठरा या नंबरांना एकेक. तीन पहिले क्रम कोणाकडेच नाहीत, म्हणून बहुमत नाही. मग पहिले आणि दुसरे मिळून. चौदा नंबरला तीन, बाकी कोणाला दोनच्या वर नाहीत. चौदा पहिले. उरलेल्यांत पहिले, दुसरे आणि तिसरे मिळून अकरा नंबरला चार, तीन नंबरला तीन. ते दुसरे आणि तिसरे. सात नंबरला बहुमत मिळालं ते चौथा क्रम मोजल्यावर.

निकालानंतर मी परीक्षकांचे क्रम भिंतीवर लावते. नावं नाहीत, फक्त अक्षरं. पुष्कळ आयोजकांना हे नको असतं, पण झाकलेल्या निकालावर कोणी का विश्वास ठेवावा? पाच मिनिटांत माझ्या टेबलाभोवती पेठ गोळा झाली.

"मॅडम, दोघांनी पैला दिलाय न्हवं? मग चौथा कसा काय?"

"आणि त्या चौदाला एक बी पैला नाही, त्ये पैले?"

"पुण्याच्या जजनी पाडलं आमच्या भावाला."

पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी कोणता क्रम दिला ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की त्यांच्यावर राग काढणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला होता. मी कागदाच्या पाठीवर सगळी मोजणी लिहून दाखवली. आवाज चढलेले होते, पण पोरांनी ऐकून घेतलं, मध्ये कोणी बोललं की त्यांच्यातलाच एक जण त्याला गप्प करत होता. तोच हलगीवाला होता. शेवटी तो म्हणाला, "गणित पटलं मॅडम. पण ती तालात नव्हती म्हणता, हे पटत नाही. मी एक ठोका हुकलो नाही."

तो खरं बोलत होता. तेव्हा मला नुसतं वाटत होतं, आता माझ्याकडे हिशेब आहे.

गर्दी पांगल्यावर मुलगी आली. "मॅडम, तिसऱ्या आठनंतर आम्हाला गाणं आलंच नाही. मी मोजत होतो, पण काय धरून मोजू तेच कळेना." मुलगा काही बोलला नाही. मित्र त्याच्या खांद्यावर हात टाकून उभे होते आणि त्यांच्यासमोर तो हलगीबद्दल एक शब्द काढणार नव्हता, हे मला दिसत होतं.

मुख्य परीक्षकांकडे मी पुन्हा नाचू देण्याचा विषय काढला. नियम एवढाच आहे की गाणं बंद पडलं तर पुन्हा संधी. गाणं चालू होतं. त्यांनी नकार दिला आणि नियमाने ते बरोबर होते. ते आणखी एक म्हणाले, ज्याचं उत्तर मी अजून शोधते आहे. ताल सुटला तर थांबायचं, जोडीदाराला जवळ घ्यायचं, आठ मोजू द्यायचे आणि गाणं सापडलं की पुन्हा एकवर शिरायचं. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. सात नंबर थांबले नाहीत, पाठ केलेली वळणं एकामागून एक काढत राहिले. हे खरं आहे. मोबाइलवर बघून बसवलेले क्रम नाचायची सवय आमच्या सगळ्याच क्लासमध्ये वाढली आहे, आणि असा क्रम एकदा सुरू झाला की कान बंद होतात.

पण सकाळी त्यांचे कान उघडे होते. वीस जोड्यांत त्यांच्याइतकं ऐकून कोणी नाचलं नव्हतं. आणि चाळीस मित्र आपल्यासाठी वाजवत असताना विशीतल्या मुलाने थांबावं, शांत उभं राहावं, ही अपेक्षा कागदावर जितकी सोपी तितकी अंगावर नाही. त्याला तो अपमान वाटला असता, त्यांचा.

आठवड्याभराने हलगीवाला क्लासवर आला. मी त्याला फूट, मीटर आणि सेकंद दाखवले. दोनदा समजावून घेतलं त्याने. मग म्हणाला, "म्हणजे आम्ही रंगमंचाला खेटून वाजवली असती तर चाललं असतं?" तालाच्या दृष्टीने चाललं असतं. साल्सात हलगी हवी का हा वेगळा वाद, पण गाणं आणि हलगी एकाच क्षणी कानावर पडली असती. "आणि चौदाच्या टायमाला मागनं वाजवली असती तर?" त्याने विचारलं. माझं मत आहे की ते दोघं थांबले असते. पण ते मत आहे, मी पाहिलेलं नाही, आणि तसं मी त्याला सांगितलं.

आयोजकांना मी लेखी कळवलंय. मॉनिटर स्पीकर नसतील तर मी मोजणीला येणार नाही. पाचही परीक्षक एका ओळीत, रंगमंचापासून सारख्या अंतरावर बसतील. जोडी नाचत असताना प्रेक्षकांत वाद्य वाजणार नाही, गाणं संपल्यावर हवं तेवढं वाजवा. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्यात. तिसरीवर उत्तर आलं की वाद्यं बंद केली तर गर्दी येणार नाही. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.