लढत सुरू कुठून झाली?

लढाऊ वैमानिकांच्या सिम्युलेटर प्रशिक्षणात सरावाचे प्रसंग आखणे आणि सराव संपल्यावर त्याची नोंद वैमानिकांसमोर उलगडून दाखवणे, हे माझे काम आहे. रडारला सहज न सापडणारे स्टेल्थ विमान प्रत्यक्ष हवाई लढाईत टिकते का, या प्रश्नावर आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे मत आधीच ठरलेले असते. काहींना ते अजिंक्य वाटते, तर काहींच्या मते ते जवळच्या झुंजीत हमखास मार खाणारे महागडे यंत्र आहे. ज्या दिवसाबद्दल मी लिहीत आहे, त्या दिवशी एकाच तुकडीने, त्याच विमानांच्या प्रतिकृतींवर, सकाळी पहिल्या मताला आणि दुपारी दुसऱ्या मताला पुरावा मिळवून दिला.

प्रसंग साधा होता. एका बाजूला दोन स्टेल्थ विमाने आणि दुसऱ्या बाजूला चार पारंपरिक लढाऊ विमाने. या चौघांना आम्ही मुद्दाम दुबळे ठेवले नव्हते. त्यांच्याकडे इंजिनाची व तापलेल्या पृष्ठभागाची उष्णता टिपणारे इन्फ्रारेड उपकरण होते, हेल्मेटमधून नुसते पाहून नेम धरता येईल अशी कमी पल्ल्याची क्षेपणास्त्रे होती, आणि चारही वैमानिक मुरलेले होते. सकाळच्या फेरीत समोरचे विमान शत्रूचे आहे हे गृहीत धरून दुरूनच क्षेपणास्त्र डागण्याची मोकळीक होती.

त्या फेरीतील तिसऱ्या विमानाच्या कॉकपिटची नोंद मी आजही नव्या तुकड्यांना दाखवते. रडारचा पडदा रिकामा आहे, रेडिओवरचे बोलणे शांत आहे, वैमानिक अधूनमधून इंधनाचा काटा पाहतो आहे. अचानक इशारा यंत्राचा तीव्र स्वर सुरू होतो. हा स्वर शत्रूच्या विमानाच्या रडारमुळे आलेला नाही. जवळ येऊन पोहोचलेल्या क्षेपणास्त्राने शेवटच्या टप्प्यात स्वतःचे रडार सुरू केल्यामुळे तो आला आहे. वैमानिक विमान झटकन आडवे करतो, रडारला चकवणाऱ्या बारीक पट्ट्या (चॅफ) सोडतो, नाक खाली दाबून वेग मिळवू पाहतो, आणि पडदा गोठतो. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "मॅडम, मी लढलो कोणाशी, तेवढे तरी दाखवा." ते विमान त्याच्या डोळ्यांना किंवा रडारला एकदाही दिसले नव्हते.

यामागचे गणित मी नेहमी फळ्यावर मांडते, कारण स्टेल्थबद्दलचे निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. रडारला लक्ष्य सापडण्याचे अंतर हे लक्ष्याच्या परावर्तनाच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे विमानाचे परावर्तन १०,००० पटींनी कमी केले, तरी ते सापडण्याचे अंतर केवळ १० पटींनी घटते. जे रडार साध्या विमानाला २०० किलोमीटरवरून पकडते, ते स्टेल्थ विमानाला २० किलोमीटरवरून पकडेल. दुरून लढायचे असेल तेव्हा हा फरक प्रचंड आहे, कारण २०० आणि २० यांच्या मधल्या पट्ट्यात एक बाजू पाहते आणि दुसरी आंधळी असते. पण लढाई त्या २० किलोमीटरच्या आत आली की दोघेही एकमेकांना पाहू लागतात. शिवाय हे सारे आकडे समोरून येणाऱ्या विमानाचे धरलेले असतात. बाजूने किंवा मागून परावर्तन तितके कमी राहतेच असे नाही.

दुपारच्या फेरीसाठी मी प्रसंगातील एकच ओळ बदलली: डागण्यापूर्वी समोरचे विमान डोळ्यांनी पाहून ओळख पटवणे बंधनकारक. ही अट काल्पनिक नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या एफ-४ फँटम विमानांकडे दूर पल्ल्याचे स्पॅरो क्षेपणास्त्र होते, परंतु आपलेच विमान पडू नये म्हणून अनेकदा नजरेने ओळख पटवण्याचा नियम होता, आणि त्यामुळे वैमानिक हलक्या मिग विमानांच्या अगदी जवळ ओढले जात. सुरुवातीच्या फँटममध्ये अंतर्गत तोफही नव्हती. ती पुढे एफ-४ई प्रकारात आली. त्याच अनुभवातून अमेरिकी नौदलाने १९६९ मध्ये टॉपगन ही प्रशिक्षणशाळा सुरू केली.

अटीचा परिणाम लगेच दिसला. स्टेल्थ तुकडीचा प्रमुख समोरच्या दोन विमानांच्या इतक्या जवळ गेला की ती त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली. वैमानिक ज्याला मर्ज म्हणतात तो हा क्षण. त्याने जोरात वळण घेतले आणि इंजिनाचा झोत वळवण्याची सोय वापरून नाक विलक्षण झपाट्याने फिरवले. पहिल्या विमानावर त्याला नेम मिळाला आणि ते पडलेही. मात्र असे वळण फुकट मिळत नाही. नोंदीत वेगाचा आकडा डोळ्यांदेखत कोसळत होता, आणि वेग गमावलेले जड विमान काही काळ जवळजवळ एका जागी लटकल्यासारखे होते. दुसऱ्या वैमानिकाला आपले विमान त्याच्याकडे वळवण्याचीही गरज पडली नाही. त्याने मान वळवून खांद्यावरून पाहिले, हेल्मेटमधील खूण लक्ष्यावर बसली आणि क्षेपणास्त्र सुटले. रडारला फसवणारा आकार आणि लेप मानवी डोळ्याला फसवत नाही, आणि एफ-२२ सारखे स्टेल्थ विमान, ज्याचे रिकामे वजनच सुमारे १९,७०० किलो आहे, आकाशात चांगले ठळक दिसते.

सरावानंतरच्या चर्चेत, म्हणजे डीब्रीफिंगमध्ये, अपेक्षेप्रमाणे वाद पेटला. एका तरुण वैमानिकाने २०१२ मधील अलास्काच्या सरावाचा दाखला दिला, जिथे जर्मनीच्या युरोफायटर वैमानिकांनी एफ-२२ ला जवळच्या झुंजीत हरवल्याचे सांगितले होते. दुसऱ्याने जानेवारी २०१५ मधील स्टेल्थ एफ-३५ आणि पारंपरिक एफ-१६ यांची चाचणी काढली, जिचा अहवाल बाहेर येताच एफ-३५ झुंजीसाठी निकामी असल्याचे मथळे झळकले. दोन्ही दाखले खरे आहेत, पण मी दोघांनाही एकच विचारले: लढत सुरू कुठून झाली? अलास्कातील ते सामने एकास एक आणि मुळातच नजरेच्या टप्प्यातले होते. २०१५ मधील एफ-३५ हे सुरुवातीचे चाचणी विमान होते. त्यावर स्टेल्थ लेप नव्हता, हेल्मेटमधून नेम धरण्याचे सॉफ्टवेअर नव्हते, आणि चाचणीचा हेतू उड्डाणनियंत्रण तपासण्याचा होता. तरीही त्या अहवालातील तक्रार मी झटकून टाकत नाही. वळणात ऊर्जा, म्हणजे वेग आणि उंची, टिकवण्यात ते विमान कमी पडल्याचे त्यात स्पष्ट लिहिले होते, आणि आमच्या दुपारच्या नोंदीतही ऊर्जेचाच तुटवडा दिसत होता.

तेवढ्यात मागे बसलेले ज्येष्ठ प्रशिक्षक म्हणाले, "प्रमुखाचे पुरे झाले. आता विंगमनची नोंद लावा." तिच्याकडे चर्चेच्या गदारोळात कोणाचेच लक्ष नव्हते. प्रमुखासोबतच्या दुसऱ्या विमानाच्या वैमानिकाने, म्हणजे विंगमनने, दुरूनच ताडले होते की ओळख पटवायला पुढे गेलो तर आपण दोन विमानांच्या कचाट्यात सापडू. त्याने जवळ न जाता वेग राखला, बाजूला वळला आणि सगळी क्षेपणास्त्रे शाबूत ठेवून निघून गेला. त्याने एकही विमान पाडले नव्हते, म्हणून निकालाच्या तक्त्यात त्याच्यासमोर शून्य होते. माझ्या मते दुपारचे सर्वांत समंजस उड्डाण त्याचेच होते. झुंज नाकारण्याची सोय ही स्टेल्थ विमानाची मोठी ताकद आहे, आणि ती गुणतक्त्यात कधीच उमटत नाही.

प्रशिक्षकांनी मात्र त्याला तिथेच सोडले नाही. "तुझ्या मागे हवेत इंधन देणारे टँकर विमान असते तर?" असे त्यांनी विचारले, आणि विंगमन गप्प झाला. स्टेल्थ रूपात एफ-३५ पोटातील कप्प्यांत साधारणपणे चार, तर एफ-२२ आठ क्षेपणास्त्रे नेते. ती संपली, शत्रूची विमाने अजून शिल्लक असली आणि मागे असे काही असले जे सोडून जाता येत नाही, तर मर्ज टाळता येत नाही. मग तिथे वैमानिकाची वळण्याची कला, ऊर्जेचा हिशेब आणि उरलेले इंधन एवढेच कामी येते. म्हणूनच स्टेल्थच्या वैमानिकाला झुंज शिकवण्याची गरज नाही, हे म्हणणे मला धोकादायक वाटते.

संध्याकाळी अहवाल लिहिताना मी निकालाच्या आकड्यांआधी चार रकाने घातले: लढत सुरू होतानाचे अंतर, डागण्याचा नियम, उरलेली क्षेपणास्त्रे आणि उरलेले इंधन. हे रकाने भरल्याशिवाय कोणत्याही तुकडीचा निकाल पुढे पाठवायचा नाही, हे प्रशिक्षकांनी मान्य केले, आणि टँकरचे रक्षण करण्याचा प्रसंग पुढच्या तुकडीच्या वेळापत्रकात अनिवार्य केला. त्यात स्टेल्थ विमानांना प्रत्येकी दोनच क्षेपणास्त्रे द्यायची, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले.