गुलमर्ग, नाताळची सुट्टी आणि तंगमर्गचे बूट

मुलांना स्की शिकवायला काश्मिरात गुलमर्गला गेलो होतो, परवा रात्री पुण्यात पोचलो. पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली आहेत, क्रेडिट कार्डाचं बिल अजून यायचंय आणि मुलं "परत कधी?" म्हणून डोकं खातायत. राग ताजा आहे तोवरच लिहून टाकतो. आठवडाभराने बसलो तर देवदार, धुकं आणि कहवा यांच्यावरच चार परिच्छेद होतील, आणि त्यांचा पुढे जाणाऱ्याला काडीचा उपयोग नाही.

आम्ही चौघं. थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठ. मुलं सिंहगड पायथ्यापासून कुरकुर न करता चढतात. थर्मल, वॉटरप्रूफ पँट आणि बरे हातमोजे घरात होते. तुमचंही तेवढं आहे असं धरून लिहितोय. नसेल तर आधी ते जमवा, मग तिकिटं काढा.

आमच्या मुलांच्या शाळेला मोठी सुट्टी तीनदाच: दिवाळी, नाताळ, उन्हाळा. बर्फ बघायला जायचं तर उरतो नाताळ, आणि सगळा घोटाळा इथेच आहे. काश्मिरात सगळ्यात कडक थंडीचे चाळीस दिवस, चिल्लई कलां, सुरू होतात 21 डिसेंबरला आणि संपतात जानेवारीच्या शेवटी. भरवशाचा बर्फ जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. म्हणजे शाळा बंद असते तेव्हा बर्फ नसतो, आणि बर्फ असतो तेव्हा युनिट टेस्ट असते. तोही भरवसा म्हणायला. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गला ऐन थंडीत गवत दिसत होतं, बर्फ आला महिना संपता संपता.

दोन वर्षांपूर्वी याच नाताळात आम्ही मनालीजवळच्या सोलंगला पोपट करून घेतला होता. पॅकेजात "स्कीइंग" लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात चिखलमिश्रित बर्फाचा अंगणाएवढा तुकडा, एक माणूस हात धरून वीस पावलं ओढतो, फोटो काढतो, पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावतो. पंधरा मिनिटांत खेळ खलास. म्हणून या वेळी सोलंग आधीच बाद. उत्तराखंडातल्या औलीचा नकाशा बरेच दिवस उघडा होता. उतार छान, समोर नंदादेवी, चेअरलिफ्ट आहे. पण हृषीकेशपासून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, सगळा घाट, आणि धाकटा ताम्हिणीतसुद्धा दोनदा पिशवी मागतो. शिवाय जोशीमठची जमीन खचली तेव्हापासून, म्हणजे जानेवारी 2023 पासून, वर जाणारा रोपवे बंद आहे. जाऊन-येऊन चार दिवस रस्त्यात घालवायचे तर स्की कधी करायचं? राहिलं गुलमर्ग. श्रीनगरला विमानाने उतरायचं आणि तिथून पन्नासेक किलोमीटर.

21 डिसेंबर 2024 ला श्रीनगरला उतरलो. आदल्या रात्री तिथे उणे 8.5 होतं, पन्नास वर्षांतली डिसेंबरची सगळ्यात थंड रात्र. उतरताच फोन गप्प झाले, कारण बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी विसरलो. तुम्ही विसरू नका, घरातलं एक तरी सिम पोस्टपेड असू द्या. गोंडोलाची (म्हणजे गुलमर्गच्या रोपवेची) तिकिटं, हॉटेलचा पत्ता, टॅक्सीवाल्याचा नंबर, सगळं त्या गप्प फोनमध्ये होतं.

आता तंगमर्ग. गुलमर्गच्या खाली 13 किलोमीटरवरचं हे गाव. इथून चढ सुरू होतो. श्रीनगरहून ठरवलेला टॅक्सीवाला, तोवर अगदी गोड बोलणारा, न विचारता एका दुकानासमोर थांबला. दुकानात छतापर्यंत गमबूट आणि लांब फरचे कोट टांगलेले. "साहब, ऊपर तीन फुट बरफ है. बिना बूट-कोट के बच्चे बीमार पड़ जाएँगे." चौघांचे बूट, कोट, हातमोजे मिळून दिवसाचे 3,200, पाच दिवसांचे एकरकमी द्या म्हणजे 12,000 वर भागवू. मी म्हटलं आमच्याकडे सगळं आहे. त्यावर दुकानदाराने थोरलीच्या पायातले ट्रेकिंगचे बूट असे काही बघितले की तिलाच लाज वाटायला लागली. मग टॅक्सीवाला: माझी गाडी वर जाणार नाही, साखळी लावलेली गाडी करावी लागेल, ती 3,500. पाठोपाठ एक गाइड दार उघडून बसायलाच लागला, "गाइड के बिना एंट्री नहीं."

पाऊण तास हे चाललं. बायको म्हणाली देऊन टाक, मुलं थंडीत बसलीत. शेवटी चौघांचे गमबूट दोन दिवसांसाठी 1,600 ला घेतले आणि साखळीची गाडी 2,800 ला. मी, जो मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालतो.

वर निघालो. रस्ता काळा कुळकुळीत, कोरडा. तेराच्या तेरा किलोमीटर. साखळ्या डिकीत पडून होत्या, चाकाला लागल्याच नाहीत. गुलमर्गला बर्फ वीतभर, तोही रात्रीच्या थंडीने दगड झालेला. गमबूट हॉटेलच्या व्हरांड्यात दोन दिवस उभे राहिले. कारण सरळ आहे: स्की करताना पायात स्कीचेच बूट लागतात, ते उतारावर स्कीबरोबर भाड्याने मिळतात. उरलेल्या वेळी तुमचे ट्रेकिंगचे बूट पुरतात. आणि तो फरचा कोट घालून स्की करणं म्हणजे गोधडी पांघरून पोहणं. तो स्लेजवर बसून फोटो काढणाऱ्यांसाठी आहे. तेव्हा तंगमर्गला काचा वर, दार आतून बंद. श्रीनगरहून निघतानाच टॅक्सीवाल्याशी बोलून घ्या की रस्ता कोरडा असेल तर थेट हॉटेलच्या दारात, वाटेत दुकान नाही. नाही म्हणाला तर दुसरा बघा. गाइड लागत नाही.

शिकवणारा मात्र लागतो, आणि तिथे पैसे वाचवू नका. पहिल्या सकाळी हॉटेलबाहेर चौघे-पाचजण गाठतातच. पहिला भाव होता दोन तासांचे माणशी 3,000, "सब कुछ इनक्लूडेड". आम्ही पर्यटन खात्याचं कार्ड असलेला एक मध्यमवयीन प्रशिक्षक चार दिवसांसाठी एकदम ठरवला: दोन्ही मुलांचे मिळून दिवसाचे 2,000, सकाळी दहा ते तीन, मध्ये जेवण. स्की, बूट, पोल (हातातल्या काठ्या) वेगळे, प्रत्येकी 700. चार दिवस माणूस तोच पाहिजे ही अट घाला. रोज नवा आला की रोज पहिला धडा होतो आणि मुलं पुढे सरकत नाहीत.

हा मुद्दा मला जाण्याआधी कुणी सांगितला असता तर एक आख्खा दिवस वाचला असता. नवशिक्याला डोंगर लागत नाही. शंभर-दीडशे मीटरचा मंद उतार, पायथ्याला सपाट जागा (म्हणजे थांबता आलं नाही तरी आपोआप थांबतो), जमलं तर वर ओढून नेणारी दोरीची लिफ्ट आणि धीराचा माणूस, एवढं पुष्कळ झालं. गुलमर्गला गोल्फ कोर्सच्या बाजूचे बेबी स्लोप नेमके असे आहेत. हॉटेल घेताना विचारायचा प्रश्न एकच: या उतारापासून पायी किती मिनिटं? गोंडोलापासून नाही, दरीच्या व्ह्यूपासून नाही, उतारापासून. स्कीचे बूट घोट्याला प्लास्टर घातल्यासारखे असतात. ते घालून आणि दोन पोरांच्या दोन जोड्या खांद्यावर घेऊन आम्ही रोज वीस मिनिटं चालत होतो, आणि माझी नखं तिथेच गेली. तंगमर्गला हॉटेल स्वस्त पडतं म्हणून मुक्काम खाली करायचा विचार असेल तर आत्ताच सोडा.

मुलांचे बूट हा आणखी एक वैताग. छोट्या मापाचे कमी असतात आणि दहानंतर संपतात. पहिल्या दिवशी धाकट्याला दोन मापं मोठा बूट देऊन "दो मोज़े पहनाओ, फिट हो जाएगा" असं सांगितलं. ऐकू नका. मोजा एकच, जाड आणि लांब, नडगीच्या वरपर्यंत. बुटात टाच उचलली जात असेल तर बूट परत करा. टाच उचलली की स्की वळत नाही, मूल रडतं आणि आपण त्याच्यावरच ओरडतो. मी ओरडलो. दुसऱ्या दिवशी साडेनऊला जाऊन योग्य माप मिळवलं आणि तोच मुलगा अर्ध्या तासात "पिझ्झा" करून थांबायला शिकला. (स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली, म्हणजे पिझ्झाचा तुकडा. सरळ समांतर ठेवले की फ्रेंच फ्राइज. तिथे सगळे मुलांना असंच शिकवतात.) हेल्मेट लहान मापाचं मिळालंच नाही. पुढच्या वेळी घरून नेणार.

आता माझी चूक. दुसऱ्या दिवशी खालचा बर्फ खडबडीत झाला होता. कुणीतरी म्हणालं, वर कोंगडोरीला बर्फ चांगला आहे, गोंडोलाने जा. गोंडोलाचे दोन टप्पे आहेत: पहिला गुलमर्ग ते कोंगडोरी, दुसरा थेट अफरवटच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटर. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, मी हॉटेलच्या वायफायवर धडपडत पहिल्या टप्प्याचं काढलं. तिकीट असूनही रांगेत दीड तास. वर बर्फ होता खरा, पण त्यावर जत्रा भरली होती. स्नो स्कूटर, स्लेज, मॅगीचे टेबल, साडीवर कोट घालून रील काढणाऱ्या बायका, आणि या सगळ्यातून नुकतं थांबायला शिकलेला आठ वर्षांचा मुलगा. एका स्लेजवर आदळला. लागलं नाही, पण घाबरला. तिथून स्कीवर खाली यायची वाट नवशिक्यासाठी नाही, म्हणून परतीला पुन्हा रांग. दिवस फुकट, खर्च सगळ्यात जास्त.

गोंडोलात बसायचं तर स्की हॉटेलवर ठेवून, एक दिवस दृश्य बघायला बसा. दुसऱ्या टप्प्याच्या वरचा अफरवट हा मशीनने सपाट केलेला उतार नाही, मोकळा डोंगर आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. चार दिवस शिकलेल्या पोराला "वर चल" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका, तो कितीही आत्मविश्वासाने बोलत असला तरी.

24, 25 आणि 26 मस्त गेले. मुलं उतारावर, आम्ही कहवा. थोरली शेवटी वळायला लागली. जेवण शाकाहारी म्हटलं तर राजमा, पनीर, परत राजमा.

27 तारखेला दुपारी खाली श्रीनगरला यायचं होतं. सकाळी आभाळ भरून आलं आणि पडायला लागलं ते थांबेचना. ज्या बर्फासाठी आलो तो सामान बांधून झाल्यावर आला. मुलं वेड्यासारखी नाचत होती, मी घड्याळ बघत होतो. श्रीनगरचा टॅक्सीवाला फोनवर म्हणाला, तंगमर्गच्या वर येऊ शकत नाही. या वेळी तो खरं बोलत होता. साखळीची गाडी पुन्हा 3,500 ला. मी घासाघीस केली नाही. त्याच 13 किलोमीटरना चार तास लागले. पुढच्या दोन गाड्या आडव्या होऊन कठड्याला टेकलेल्या, ड्रायव्हर उतरून फावड्याने चाकाखालचा बर्फ काढतोय, साखळीचा खडखडाट, मागे धाकटा झोपलेला. त्या माणसाने एकदाही ब्रेक जोरात दाबला नाही. खाली उतरल्यावर मी त्याला पाचशे जास्त दिले आणि तंगमर्गच्या दुकानाकडे न बघता पुढच्या गाडीत बसलो.

28 ला धावपट्टीवर बर्फ, आमचं विमान रद्द. दोन जास्तीच्या रात्री, नवी तिकिटं जुन्याच्या अडीचपट. परतीच्या तारखेनंतर दोन दिवस मोकळे ठेवा, आणि शेवटची रात्र गुलमर्गला नको, श्रीनगरला.

मग नाताळात जावं का? मुलांना स्की शिकवायचं एवढंच डोक्यात असेल तर नाही. आम्ही सगळ्या रात्रींचे पैसे भरले आणि चांगला बर्फ पाहिला तो गाडीच्या काचेतून. नाताळच जमत असेल तर गुलमर्ग, पण उतार धरून बसा, पाय पसरू नका. थोडी मोठी मुलं असतील आणि शाळा सोडत असेल तर गुलमर्गलाच केंद्राच्या पर्यटन खात्याची स्की आणि गिर्यारोहण संस्था आहे. तिचे कोर्स ठरलेल्या तारखांना असतात, भावाची झकझक नाही. पुढच्या वेळी मी थोरलीला तिथेच घालणार.

2026 मध्ये 26 जानेवारी सोमवारी येते आहे. शनिवार, रविवार, सोमवार आयते मिळतात. 27 ला सकाळी दोन्ही मुलांना ताप येणार आणि तो शुक्रवारपर्यंत उतरणार नाही, हे आमच्या घरात आत्ताच ठरलंय.