प्लांकचा स्थिरांक कमी का येतो?

प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन निघतात, त्या प्रकाशविद्युत परिणामाचा प्रयोग कागदावर सोपा आहे. पाऱ्याच्या दिव्यातला एकेक रंग फिल्टरने वेगळा करून फोटोसेलवर (इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड आणि ते गोळा करणारा ॲनोड असलेल्या नळीवर) पाडायचा, इलेक्ट्रॉनना अडवणारा उलटा व्होल्टेज वाढवत न्यायचा आणि प्रवाह शून्यावर आला की आकडा टिपायचा. हा व्होल्टेज आणि वारंवारता यांचा आलेख सरळ रेषेत येतो. तिच्या चढाला इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने गुणलं की प्लांकचा स्थिरांक, म्हणजे प्रकाशकणाची ऊर्जा आणि वारंवारता यांचं गुणोत्तर, मिळतो. ३६५ आणि ५४६ नॅनोमीटरच्या वर्णरेषांसाठी टिपलेल्या व्होल्टेजमध्ये सुमारे १.१३ व्होल्टचा फरक यायला हवा.

बहुतेकदा तो कमीच येतो, आणि त्याबरोबर स्थिरांकही. ॲनोडवर कॅथोडचा धातू थोडाफार बसलेला असतो. त्यावर प्रकाश पडला की तिथूनही इलेक्ट्रॉन निघतात, उलटा प्रवाह वाहतो आणि शून्य लवकर गाठलं जातं. म्हणून आधी झाकण लावून अंधारातला प्रवाह मोजा, मग प्रवाह आणि व्होल्टेज यांचा वक्र कुठे वाकतो ते पाहा. नुसत्या शून्यावर विसंबू नका. दुसरा चोर म्हणजे पिवळ्या फिल्टरमधून झिरपणारं जांभळं. ते पिवळ्याचा आकडा फुगवतं, चढ घटतो. खोलीतली ट्यूबलाइटही बंद करा, तिच्यातही पाराच असतो!

कॅथोड आणि ॲनोड या दोन वेगळ्या धातूंमुळे आपोआप तयार होणाऱ्या व्होल्टेजची, म्हणजे संपर्क-विभवाची, मात्र फार काळजी नको. त्याने अख्खी रेषा वरखाली सरकते, चढ तोच राहतो.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकनने १९१६ साली धातू स्वच्छ राहावा म्हणून निर्वात नळीतच फिरतं पातं बसवून सोडियमचा पृष्ठभाग तासला होता. आइन्स्टाइनचं या परिणामाचं १९०५ चं समीकरण तंतोतंत जुळलं. त्यामागची प्रकाशकणांची कल्पना तेव्हा मिलिकनला मुळीच पटत नव्हती, ही त्यातली गंमत.